सहा वाजेपर्यंतची मुदत

1789 साली लंडनमधल्या जोसेफ ब्रामाच्या कारखान्यात अठरा वर्षांचा एक लोहार काम मागायला आला. ब्रामाला माणसांची निकड होती. पाच वर्षांपूर्वी, 1784 साली, त्याने एका कुलपाचे पेटंट घेतले होते. कुलूप उत्तम होते, पण त्याचे भाग इतके बारीक आणि एकमेकांशी इतके नेमके जुळावे लागत की ते घडवणारे हात मिळत नसत, आणि मिळाले तरी कुलूप फार महाग पडे. अशा वेळी कुणीतरी त्याला वूलिचच्या सरकारी शस्त्रागारातल्या एका तरुणाचे नाव सुचवले. हेन्री मॉड्स्ली. बाराव्या वर्षी हा मुलगा तिथे काडतुसांत दारू भरायला लागला, मग सुतारखान्यात गेला, आणि पंधराव्या वर्षी लोहारखान्यात पोचला तेव्हा त्याला त्याची जागा सापडली.

ब्रामाला मुलगा आवडला, पण मुकादमाला पटेना. वय कोवळे, आणि मुख्य म्हणजे सात वर्षांची रीतसर उमेदवारी केलेली नाही. ही सात वर्षे म्हणजे नुसता रिवाज नव्हता. इंग्लंडमध्ये 1563 च्या कायद्याने उमेदवारीची ही अट बहुतेक हुन्नरांना लावलेली होती आणि ती थेट 1814 पर्यंत कायद्याच्या पुस्तकात राहिली. उमेदवारी न केलेल्या माणसाला कारागिरांच्या रांगेत उभे करणे म्हणजे ज्यांनी आयुष्याची सात वर्षे घालून ती जागा मिळवली त्यांचा अपमान.

तोडगा मॉड्स्लीनेच सुचवला. कामाच्या बाकावर एक झिजलेला व्हाइस होता. आज संध्याकाळी सहा वाजेपर्यंत मी हा नव्यासारखा करून दिला, तर मला कारागीर मानाल का, असे त्याने विचारले. मुकादम कबूल झाला. मॉड्स्लीने कोट काढला, बाह्या सरसावल्या. जबड्यांवर पोलाद नव्याने बसवले, कानशीने घासून सपाट केले, पकडीसाठी दाते पाडले, पोलादाला पाणी दिले, सगळा व्हाइस साफसूफ केला. सहाच्या आत काम झाले होते. त्याला नोकरी मिळाली.

यंत्रांच्या इतिहासात मॉड्स्लीचे नाव फार मोठे आहे. त्याच्या लेथला आणि स्क्रूला त्या इतिहासात प्रकरणे असतात, व्हाइसचा हा प्रसंग मात्र सुरुवातीचा एक चटकदार किस्सा म्हणून येतो आणि मागे पडतो. मला तो मागे पडू द्यावासा वाटत नाही. एका माणसाची लायकी कशावरून ठरवायची हा प्रश्न इथे एका जुन्या, झिजलेल्या अवजाराच्या दुरुस्तीवर येऊन ठेपला होता, आणि पुढे याच माणसाच्या हातून त्या प्रश्नाचे काय झाले हे पाहिले की किस्सा तितका सुखाचा राहत नाही.

आधी व्हाइस म्हणजे काय ते. आपल्या कारखान्यांत, गॅरेजांत, शाळेच्या कार्यशाळेत सगळे त्याला व्हाइसच म्हणतात. पाठ्यपुस्तकी मराठीत 'शेगडा' असा शब्द भेटतो, पण तो वाकून कानस मारणाऱ्या माणसाच्या तोंडून मी ऐकलेला नाही. हिंदीत 'बाँक' म्हणतात, म्हणजे वाकडे, वळलेले. गंमत अशी की मराठीत 'बाक' म्हटले की वळणही होते आणि ज्यावर व्हाइस बसवतात ते फळकूटही. अनुवादाचा धंदा असल्यामुळे एका वस्तूला निरनिराळ्या भाषांनी काय काय म्हटले हे पाहण्याची मला खोड आहे, आणि व्हाइसने ती भरपूर भागवली. इंग्रजी 'व्हाइस' जुन्या फ्रेंचमधल्या 'व्हिस' म्हणजे स्क्रू या शब्दावरून आला आणि तो लॅटिन 'व्हिटिस' म्हणजे द्राक्षवेल या शब्दावरून. वेलीचा तंतू आधाराला गोल गोल गुंडाळत जातो, तेच स्क्रूचे रूप. जर्मन 'श्राउबश्टॉक' म्हणते, तिथेही पुढे स्क्रूच. स्पॅनिशमध्ये तो 'बाकाचा स्क्रू' आहे. इटालियन मात्र 'मोर्सा' म्हणते, त्यात चावा आहे. आणि जपानीत 'मानरिकी', दहा हजारांचे बळ. कुणाला त्यातली फिरकी दिसली, कुणाला चावा, कुणाला ताकद. इंग्रजीत दुर्गुणालाही 'व्हाइस' म्हणतात, पण तो शब्द लॅटिनच्या दुसऱ्याच मुळातून आलेला आहे. दोघांचे गोत्र वेगळे.

स्क्रूने पकडणारी ही अवजारे किती जुनी? न्युरेंबर्गमध्ये 1505 साली मार्टिन लोफेलहोल्त्स नावाच्या गृहस्थाने यंत्रांच्या आणि अवजारांच्या चित्रांची एक वही करवून घेतली. तिच्यात स्क्रूचे लाकडी व्हाइस बसवलेला सुताराचा बाक स्पष्ट दिसतो. ही वही बर्लिनच्या ग्रंथसंग्रहात होती, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बपासून वाचवायला पूर्वेकडे हलवली गेली आणि आता पोलंडमध्ये क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे. लाकडाचा स्क्रू सुताराला चाले. लोहाराला आणि कुलूप करणाराला लोखंडी हवा. त्यातून पायाचा व्हाइस आला, ब्रामाच्या काळात सर्रास वापरला जाणारा.

पायाचा व्हाइस जुन्या लोहारांकडे आजही दिसतो. घडीव लोखंडाचे दोन लांब हात. मागचा हात बाकाला जखडलेला आणि खाली थेट जमिनीपर्यंत गेलेला. पुढचा हात खाली बिजागरीसारख्या खिळीवर डुलणारा. मधून स्क्रू, आणि स्क्रू सैल केला की पुढचा हात आपोआप मागे सरावा म्हणून एक पोलादी पट्टी, स्प्रिंगची. जमिनीपर्यंत गेलेला पाय शोभेचा नाही. वरून घणाचा घाव बसला की तो जोर या पायातून जमिनीत जातो. बाक हलत नाही, स्क्रूवर ताण येत नाही. त्याचा एक दोष मात्र जन्मजात आहे. पुढचा हात खिळीभोवती फिरतो, त्यामुळे जबडे समांतर उघडत नाहीत. पातळ वस्तू नीट पकडली जाते, जाड वस्तू फक्त एका कडेवर.

या व्हाइसचा स्क्रू कसा बनत असे, हे जास्त महत्त्वाचे. बाहेरचे आटे छिन्नी-कानशीने कोरता येत. पण ज्यात हा स्क्रू फिरतो त्या नळीच्या आतल्या अंगाला आटे कसे पाडणार? कारागिरांनी युक्ती काढली. तयार स्क्रूच्या आट्यांच्या खोबणीत लोखंडाची चौकोनी पट्टी गुंडाळायची, ते गुंडाळे नळीत सरकवायचे आणि पितळेने आतून जोडून टाकायचे. म्हणजे नळीतले आटे कापलेले नसत, बसवलेले असत. परिणाम असा की प्रत्येक स्क्रूची नळी त्याच्यापुरतीच. एका व्हाइसचा स्क्रू दुसऱ्यात जाणार नाही. स्क्रू मोडला तर नवा स्क्रू विकत घेऊन चालत नसे, तो त्या एका व्हाइससाठी घडवून घ्यावा लागे.

बडोद्यात माझ्या घरामागच्या खोलीत असाच एक पायाचा व्हाइस आहे. भंगाराच्या दुकानात तो किलोच्या भावाने मिळाला. कुठून आला हे दुकानदाराला माहीत नव्हते आणि त्यावर नाव-गाव काही नाही. स्क्रूची नळी रॉकेलमध्ये भिजवून, आतला काळा चिकटा काढून, बॅटरीच्या उजेडात पाहिली तेव्हा आट्यांच्या मुळाशी पितळेची पिवळी रेघ दिसली. जबडा घासून स्वच्छ केल्यावर आणखी एक रेघ दिसली, करड्या लोखंडात जरा वेगळ्या छटेची. ती जोडाची. घडीव लोखंड मऊ असते, त्याचे दाते टिकणार नाहीत. म्हणून नुसत्या तोंडापुरते पोलाद भट्टीत तापवून, ठोकून लोखंडावर चिकटवलेले असते. मॉड्स्लीने ज्या थराचे काम केले तो हाच.

त्या थरावर काम करताना मला ती गोष्ट वेगळी दिसू लागली. तिचा विस्तृत वृत्तांत सॅम्युएल स्माइल्सने 1863 साली छापलेल्या उद्योगी माणसांच्या चरित्रग्रंथात येतो, म्हणजे घटनेनंतर 74 वर्षांनी. स्माइल्स हा स्वावलंबनाचा प्रचारक. गरीब घरातला मुलगा, कागदी पात्रता नाही, पण मनगटात जोर आणि मनात जिद्द, ही त्याची आवडती गोष्ट. अशा माणसाने सांगितलेला प्रसंग जरा हात राखूनच वाचावा. संवाद कुणी टिपून ठेवलेले नव्हते, आणि सहाच्या ठोक्याची नाट्यमयता लेखकाला सोयीची होती. पण कामाचा क्रम तपासला तर तो अगदी बरोबर आहे. आधी पोलाद, मग कानस, मग दाते, आणि सगळ्यात शेवटी पाणी. दाते पाडण्याआधी पाणी दिले तर छिन्नी बोथट होईल आणि दाते पडणार नाहीत. पाणी दिल्यावर नीट उतरवले नाही तर दाते काचेसारखे तुटतील. लोहारकामात मुरलेल्या माणसाला एका दिवसात हे शक्य आहे. पण त्यात एकही पायरी दुसऱ्यांदा करायला वेळ नाही. माझ्या व्हाइसवर नवे पोलाद चढवायचे नव्हते, दोन जबडे एकमेकांना सपाट भिडवायचे होते, आणि तेवढ्याला मला तीन रविवार लागले. त्या मुलाने कारागिरीच्या परीक्षेसाठी काय निवडले हे तेव्हा उमगले. या एका दुरुस्तीत लोहाराची भट्टी होती, फिटरची कानस होती आणि पोलादाचा रंग पाहून उष्णता ओळखणारी नजरही होती. शिवाय निकाल कुणाच्या मतावर अवलंबून नव्हता. जबडे मिटायचे आणि मधून उजेड दिसतो का ते पाहायचे.

उमेदवारीच्या त्या सात वर्षांवर तोवर वरूनही टीका सुरू झाली होती. ॲडम स्मिथने 1776 साली 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये लिहिले की इतकी लांब उमेदवारी अनावश्यक आहे, घड्याळे करण्यासारखे कामसुद्धा काही आठवड्यांत समजावून सांगता येईल. हाताला सफाई यायला सराव हवा हे त्याने मान्य केले, पण सात वर्षे हा त्याच्या मते मक्तेदारीचा डाव होता. स्मिथ आणि मॉड्स्ली वरवर एकाच बाजूचे वाटतात, कारण दोघांना सात वर्षे नकोत. पण स्मिथच्या म्हणण्याचा रोख असा की हुन्नर वाटतो तितका अवघड नाही. मॉड्स्लीने दाखवले ते याच्या उलट होते. हुन्नर अवघड आहे, आणि तो माझ्यापाशी आहे, कागद मागू नका.

पुढची आठ वर्षे तो ब्रामाकडे होता. लवकरच तो मुकादम झाला. कुलपाचे भाग एकसारखे आणि स्वस्तात निघावेत म्हणून लागणारी यंत्रे त्याने उभी केली. हे कुलूप उघडून दाखवणाराला 200 गिनी इनाम, अशी पाटी लावून ब्रामाच्या दुकानात एक नमुना ठेवलेला होता. तो उघडायला 1851 साल उजाडले. लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी ए. सी. हॉब्ज या अमेरिकन माणसाने सोळा दिवसांत विभागून पन्नासहून जास्त तास खटपट करून ते उघडले. ब्रामाच्या पाणदाबाच्या प्रेसमधून पाणी गळत असे. दाब वाढेल तसे अधिक घट्ट बसणारे चामड्याचे कडे ही त्यावरची युक्तीही मॉड्स्लीचीच मानतात. कुलूप ब्रामाचे, प्रेस ब्रामाचा, पाट्यांवर नाव ब्रामाचे. मॉड्स्लीला आठवड्याला 30 शिलिंग. लग्न झाले होते, संसार वाढत होता. 1797 साली त्याने पगारवाढ मागितली, ब्रामाने नकार दिला, आणि मॉड्स्ली बाहेर पडला.

ऑक्सफर्ड स्ट्रीटजवळ त्याने स्वतःचे छोटे दुकान थाटले. पहिले गिऱ्हाईक एक चित्रकार होता आणि काम होते चित्र ठेवण्याच्या घोडीची लोखंडी चौकट. पण त्याचा जीव गुंतला होता स्क्रूमध्ये. लेथवर सरकणाऱ्या पाळण्यात हत्यार घट्ट बसवायचे, आणि तो पाळणा एका अचूक स्क्रूने पुढे न्यायचा. मग हात थरथरला तरी आटे थरथरत नाहीत. 1800 च्या आसपासचा त्याचा असा लेथ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. खगोलशास्त्राच्या उपकरणासाठी त्याने केलेल्या एका स्क्रूची कीर्ती होती. पाच फूट लांब, इंचाला 50 आटे, आणि त्याचा नट बारा इंचांचा, म्हणजे एका नटात 600 आटे. कामगारांतले मापाचे वाद मिटवायला त्याने बाकावर ठेवायचे एक मायक्रोमीटर केले. त्याचे नाव पडले 'लॉर्ड चॅन्सेलर', कारण त्याच्यापुढे अपील नाही.

नळीत पट्टी गुंडाळून पितळेने जोडायचे दिवस इथे संपत आले. त्याच्या कारखान्यात शिकून गेलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली सगळ्या देशासाठी आट्यांचे एकच प्रमाण मांडले, 55 अंशांच्या कोनाचे. ते प्रमाण साम्राज्याबरोबर, रेल्वेबरोबर आपल्याकडे आले. 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आली तरी आपले मिस्त्री आजही बोल्ट 'सुतात' मागतात. आठ सूत म्हणजे एक इंच. जुना विलायती व्हाइस उघडला की त्यातल्या बोल्टला मेट्रिक नट बसत नाही. तो पहिल्या फेऱ्यात गेल्यासारखा वाटतो आणि दुसऱ्या फेऱ्यात अडकतो. तिथे जोर लावायचा नसतो, व्हिटवर्थचा नट शोधायचा असतो.

मग आले पोर्टस्मथ. इंग्लंडच्या आरमाराला दरसाल सुमारे एक लाख कप्प्या लागत. 74 तोफांच्या एका जहाजावरच हजाराच्या आसपास. या कप्प्या हाताने होत. मार्क ब्रुनेलने कप्प्या करणाऱ्या यंत्रांची आखणी केली आणि ती प्रत्यक्षात घडवली मॉड्स्लीने. 1802 साली काम हाती घेतले. 1808 पर्यंत चाळीसहून अधिक यंत्रांची ही रांग वर्षाला 1,30,000 कप्प्या काढू लागली होती. पूर्वी 110 कुशल कारागीर जे करत ते आता दहा माणसे करत, आणि ती कुशल असण्याची गरज नव्हती.

हा आकडा तंत्रज्ञानाच्या पुस्तकांत अभिमानाने येतो, आणि यंत्रे खरोखरच देखणी होती. पण तो त्या झिजलेल्या व्हाइसशेजारी ठेवून वाचला पाहिजे. सात वर्षांचा कागद नसताना हातातल्या हुन्नरावर जागा मिळवणाऱ्या माणसाने एकोणीस वर्षांत शंभर हुन्नरी माणसांची जागा रिकामी करून दिली. आता ना सात वर्षांचा कागद हवा, ना सहा वाजेपर्यंतची परीक्षा. स्मिथ म्हणाला होता ते 'काही आठवडे' खरे झाले, पण हुन्नर सोपा होता म्हणून नव्हे. तो माणसाच्या हातातून काढून यंत्राच्या पोटात घातला म्हणून. मॉड्स्लीला हे दिसत होते का, कोण जाणे. त्याने स्वतः मात्र कानस सोडली नाही. अठरा इंची कानस हातात घेतलेला मॉड्स्ली हे पाहण्यासारखे दृश्य होते, असे त्याचे जुने कामगार सांगत. 1831 साली तो गेला. ज्यांना घेऊन पुढच्या पिढीचा यंत्रोद्योग उभा राहिला ते व्हिटवर्थ, नॅस्मिथ, रॉबर्ट्स, क्लेमंट सगळे त्याच्या हाताखालून गेलेले होते. म्हणजे त्याचा कारखाना एकाच वेळी कारागीर घडवत होता आणि कारागिराची गरज कमी करत होता. या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध आहेत असे त्या छपराखाली कुणाला वाटत नसावे.

व्हाइसचेही तेच झाले. एकोणिसाव्या शतकात बिडाचा समांतर जबड्यांचा व्हाइस रुळला. पुढचा जबडा आता डुलत नाही, खोबणीतून सरळ सरकतो. अमेरिकेत मेरिडेनच्या चार्ल्स पार्करचे व्हाइस नावाजले, इंग्लंडमध्ये शिप्लीच्या पार्किन्सनने खटका दाबून जबडा झटकन सरकवायची सोय आणली, आणि विसाव्या शतकात शेफिल्डच्या हॅम्प्टन कंपनीचे निळे 'रेकॉर्ड' व्हाइस इंग्रजी अंमल पोचला तिथे तिथे पोचले. 1941 साली चेकोस्लोव्हाकियातून आलेल्या ह्यू व्होगलने शिकागोत 'विल्टन' सुरू केली. तिच्या व्हाइसचा स्क्रू बंदुकीच्या गोळीसारख्या गोल कवचात झाकलेला असतो, कचरा आत जात नाही. या सगळ्यांत पोलादी जबडे वेगळे येतात, दोन-दोन स्क्रूंनी बसवलेले. झिजले की चार स्क्रू काढा, नवे बसवा. मॉड्स्लीची दिवसभराची परीक्षा आता दहा मिनिटांचे काम आहे. हे मी तक्रारीने म्हणत नाही. बोटे वाचतात, वेळ वाचतो. पण त्या दहा मिनिटांत कुणाची पारख होत नाही.

म्हणूनच घरच्या कार्यशाळेत जुना व्हाइस दुरुस्त करणारी माणसे जगभर आहेत, असे मला वाटते. नवा स्वस्त व्हाइस बाजारात मिळतो, जुना परवडतो म्हणून ते हे करत नाहीत. या कामाच्या काही रीती आहेत. आधी पाहायचे बिडात तडा आहे का. बीड दाब सोसते, ताण आणि धक्का सोसत नाही. दांड्यावर पाइप चढवून आवळलेले आणि ऐरण समजून बडवलेले व्हाइस तिथेच फुटलेले असतात, आणि बिडाची वेल्डिंग म्हणजे आधी सावकाश तापवणे, निकेलची कांडी आणि मग त्याहून सावकाश थंड करणे. पुष्कळदा तडा गेलेला व्हाइस न घेणेच शहाणपणाचे. अडकलेल्या स्क्रूला रॉकेल आणि धीर, दोन्ही पाजायचे. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसे असू शकते. गंज काढायला प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा घालावा, बॅटरी चार्जरची ऋण तार व्हाइसला आणि धन तार टाकाऊ लोखंडाला जोडावी, आणि हे उघड्यावर करावे कारण हायड्रोजन निघतो. टाकाऊ लोखंडाच्या जागी स्टेनलेस स्टील कधीही वापरू नये, पाण्यात क्रोमियमचे विष उतरते. दुसऱ्या दिवशी गंज काळा आणि सैल होऊन ब्रशने निघतो, खालचे धातू शाबूत राहते.

त्यानंतर प्रश्न उरतो किती करायचे याचा, आणि इथे माझा धंदा मला आठवतो. जुना मजकूर नव्या भाषेत आणताना तो गुळगुळीत करण्याचा मोह असतो, आणि व्हाइसच्या बाबतीतही रंगरंगोटी करून चकचकीत करण्याचा. स्क्रू नीट फिरला पाहिजे, जबडे भिडले पाहिजेत, यात तडजोड नाही. पण मागच्या हातावर कुणीतरी करवतीने चुकून मारलेली खाच, दांड्याच्या गाठीवरचे घाव, कुणा कामगाराने टोचणीने पाडलेले दोन ठिपके, हे मी भरून काढलेले नाही. त्या व्हाइसवर ज्यांनी आयुष्य काढले त्यांची नावे कुठल्याच पाटीवर नाहीत. त्यांची सही म्हणून एवढेच उरले आहे. काम करताना जबड्यांवर तांब्याच्या पत्र्याची टोपी चढवते, म्हणजे नाजूक वस्तूला दाते लागत नाहीत. त्यात मी कुऱ्हाडीला धार लावते, दाराच्या जुन्या बिजागऱ्या सरळ करते, सुऱ्यांच्या मुठी बसवते. किरकोळ कामे आहेत, पण ती झाली की नाही हे मला कुणाला विचारावे लागत नाही.

ज्या शहरात मी राहते तिथे 1890 साली सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने आणि त्रिभुवनदास गज्जरांच्या कष्टाने कलाभवन सुरू झाले. हुन्नराचे शिक्षण इथल्या माणसांना इथल्या भाषांतून मिळावे ही गज्जरांची धडपड होती. हुन्नराला शब्द हवेत हे त्यांनी ओळखले होते. शब्द आले की उमेदवारी सात वर्षांवरून खाली येते, स्मिथ म्हणाला तशी. पण शब्दांनी सगळे येत नाही, हे व्हाइससमोर उभे राहिलेल्या प्रत्येकाला पहिल्या तासात कळते. कानस पुढे जाताना दाबायची, मागे येताना नाही, हे वाक्य समजायला क्षण पुरतो. तिने घासलेला पृष्ठभाग मध्ये फुगीर न होता सपाट यायला महिने जातात.

1950 साली आपल्याकडे कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि देशभर आयटीआय उभ्या राहिल्या. तिथल्या फिटरच्या मुलामुलींचे पहिले आठवडे आजही व्हाइससमोर जातात. जबड्याची वरची कड कोपराच्या उंचीला हवी, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगतात. करवतीने कापलेला लोखंडी तुकडा कानशीने घासून मापात आणायचा, मग एका तुकड्यात चौकोनी खाच आणि दुसऱ्याला तिच्यात बसणारा चौकोन. बाहेर संगणकावर चालणारी यंत्रे हेच काम काही मिनिटांत करतात, हे मुलांना ठाऊक असते, शिकवणाऱ्यांनाही. तरी परीक्षेत व्हाइस असतो, कानस असते आणि ठरलेली वेळ असते. वेळ संपली की परीक्षक दोन तुकडे एकमेकांत सरकवतो आणि उजेडाकडे धरतो. फटीतून उजेड आला तर तो सगळ्यांना दिसतो. मुलगा कुणाचा, कुठून आला, आधी काय शिकला, हे त्या फटीत दिसत नाही.